ओहोटी ३.२०

बंदरावरच्या काळ्या फळ्यावर
एकवीस वर्षं मी खडूने वेळा लिहितो.
ओहोटी ३.२०.
पाचनंतर दांड्यावरून जाऊ नये.
'जाऊ नये'खाली दोन रेघा.

काल त्या रेघा मारल्या, हात झटकले
आणि दांड्यावरून पलीकडे गेलो.
चपला हातात, वाळू घट्ट, कुर्ल्यांची ताजी बिळं,
खिशात वीजबिलाचे बाराशे.

नंदू सारंगाच्या जाळ्यांच्या खोपीत डाव बसलेला.
दारू नव्हती. कुणी हात धरला नाही.
उलट हनीफच म्हणाला, "पावणेपाच झाले, मास्तर. निघा."
माझ्या हातात सत्ती, दुर्री, चौकटचा गुलाम.
शेंबड्या पोरालाही कळेल, टाकायचे पत्ते.

कळतं पण वळत नाही, म्हणतात.
वळतं की.
मान वळली घड्याळाकडे,
मग दारातून दिसणाऱ्या दांड्याकडे,
त्याची एक कड ओली होऊन काळवंडत होती, तिच्याकडे.
सगळं वळलं.
मी तेवढा मांडी घालून बसून राहिलो
आणि माझाच आवाज ऐकला :
वाट पुढचा.

आत कुणी भांडलं नाही, हेही सांगायला हवं.
मला वाटायचं, अशा वेळी आत दोघं असतात,
एक ओढतो, दुसरा ताणून धरतो.
होता एकटाच. शांत.
स्वतःच्याच अक्षरातली सूचना मनात वाचत होता,
एसटीच्या खिडकीतून
परक्या गावाची पाटी वाचावी तशी.

साडेपाचला पाणी गुडघाभर, सहाला कमरेपर्यंत.
तेव्हा कुठे छाती मोकळी झाली.
आता जाताच येत नाही,
हे किती सोपं!
कुणाला बोललो नाही, पण
पावणेपाचपासून मी पाण्याचीच वाट बघत होतो.

पहाटेच्या ओहोटीला परतलो. बिलाची आज शेवटची तारीख.
इंदू न्हाणीच्या चुलीत सोडणं सारत होती.
"भरती लागली," मी म्हटलं.
तिने मागे वळूनही न बघता विचारलं,
"फळ्यार तुमीच लिवलास मां?"

आठ वाजता फळा ओल्या फडक्याने पुसला.
ओहोटी ४.१०.
पावणेसहानंतर दांड्यावरून जाऊ नये.
रेघा सरळ आल्या, दोन्ही.
फक्त खडू खाली ठेवताना
कुणी न विचारता मनात हिशोब झाला :
कालच्यापेक्षा पाऊण तास जास्त.