दोन खांब

हिंगण्याच्या बंद पडलेल्या सर्व्हिस सेंटरातून
लिफ्ट आणली, मानेवाड्याच्या घरी.
गॅरेजची उंची साडेदहा फूट.
बोंद्रे फिटर म्हणाला, जीप चढते भाऊ,
पण पंखा काढा लागन.
पंखा काढला.

मग फरशी फोडली. खाली काळी माती,
मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा.
"इच्यावर दीड टन टांगता?" कुसुम म्हणाली.
आठ इंच काँक्रीट ओतलं.
अठ्ठावीस दिवस दोन वेळ पाणी, टँकरचं.
कूलर अर्धा कोरडा राहिला,
त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

बटण दाबलं. जीप कुरकुरली,
मग जमीन सोडली तिनं.

तीस वर्षं हिच्याखाली मी
पोत्यावर उताणा, डोळ्यांत तेल,
एका वेळी वीतभर पाहिली.
आज ताठ उभा राहून बघतो:
चासीवर एक जोड, वाकडा, घाईतला.
माझ्या हातचा नाही.
शेषरावचा.
आमचं बोलणं बंद व्हायच्या आधीचा.
अजून धरून आहे.

"आता खाली कशी आणता?"
लॉकची दोरी माझ्या हातातच होती.
थांब जरा, म्हणालो.