रंकाळ्यावरचं म्हैसूर

वहीत पहिलं नाव गंगावेशीतल्या निगवेकरांचं.
किलोमीटरला पंचवीस पैसे.
म्हशीखाली तांब्या धरूनच ते म्हणाले,
"पोचलासा तर देणार. मधनंच आलासा तर न्हाई."
मग उद्यमनगरातले लेथवाले, पॉलिशवाले,
आणि चहाचा एक पोऱ्या, पाच पैसेवाला,
त्याची सही सगळ्यांत लांब.

शाळेला बावीस श्रवणयंत्रं हवी होती.
आमच्याकडं दोन सायकली होत्या
आणि चौपन्न वर्षांचे चार गुडघे.

दस्तगीर शिकलगार. सातवीत माझ्यासोबत नापास.
बरोबर पास झालेले पुढं भेटत नाहीत,
बरोबर नापास झालेले सुटत नाहीत.
दोन्ही कॅरिअर त्यानंच वेल्ड केले,
ठोकून म्हणाला, "म्हैस बसली तरी वाकायचं न्हाई."

बिंदू चौकातून निघालो तेव्हा अंधार होता.
कागलला उजाडलं. निपाणीत तंबाखूनं शिंका.
बेळगावात कुंदा, उभ्या उभ्या, कागदावरून.
धारवाडच्या चढावर दस्तगीर गप्प झाला.
तो गप्प म्हणजे आत काहीतरी घासतंय,
हे मी मशीनवर शिकलो त्याच्याकडूनच.

हावेरीत गुडघा नारळाएवढा.
डॉक्टर कन्नडमधून बोलत राहिले,
बोट तेवढं मराठीत हललं : नाही.

रात्री लॉजवर तो म्हणाला, तू हो पुढं.
मी म्हटलं, बरं.
सकाळी दोन्ही सायकली बसच्या टपावर होत्या.
त्या "बरं"चा विषय त्यानं अजून काढलेला नाही.

म्हैसूर राहिलं तीनशे पस्तीस किलोमीटर.
कोल्हापुरात हरून आलेल्या पैलवानाला कुणी काही विचारत नाही,
दूध मात्र पेल्यात जरा जास्त ओततात.
ते जास्तीचं दूध मला गिळवेना.
म्हटलं, रंकाळा आहे की.
एक फेरी साडेचार धरली, म्हणजे फेऱ्या पंचाहत्तर.
दिवसाला पंधरा. पाच दिवसांत म्हैसूर.

मोजायला शाळेतली समृद्धी चौगले बसली,
वय दहा, मांडीवर मोजलेल्या पंचाहत्तर भुईमुगाच्या शेंगा.
फेरी झाली की एक शेंग फ्रॉकमधून पिशवीत.
दस्तगीर कट्ट्यावर पाय लांब करून,
मी समोरून गेलो की तोंड फिरवायचा.

चौथ्या दिवशी उठला, लंगडत आला
आणि न विचारता कॅरिअरवर बसला.
मी म्हटलं, उतर, मरतोय मी.
तो म्हणाला, वहीत दोघांची नावं आहेत.
आता हे किलोमीटर त्याचे धरायचे का?
निगवेकरांकडं निवाडा गेला.
त्यांनी चरवी खाली ठेवली, मिशी पुसली :
"बूड कुणाचं दुखतंय? त्येचंच न्हवं? मग धरा की."

पाचव्या दिवशी, दिवे लागल्यावर, माझ्या हिशोबानं संपलं.
आईसकुटवाल्यानं टाळ्या वाजवल्या.
समृद्धीनं मान हलवली
आणि फ्रॉकवरची एक शेंग बोटांत धरून दाखवली.
राहिलीय.

मधेच कुणीतरी एक शेंग जादा टाकली असेल.
परवा फेरी झाली तेव्हा ती
बगळ्याकडं बघत बसली असेल.
वाद घालायचा तर तिच्या भाषेत
आम्हाला तीनच खुणा येत होत्या :
पाणी, थांब, लई भारी.
तिघांतली एकही इथं चालेना.

निघालो.
जलपर्णीचा वास, भेळेच्या गाड्यांवरचे कंदील,
मांड्यांत शिसं ओतल्यासारखं.
संध्यामठाच्या बाजूला आलो
तेव्हा मागचं ओझं एकाएकी गेलं,
सायकल हातात थरथरली.
दस्तगीर उतरून चालत होता,
एक पाय ओढत, कॅरिअरला हात लावून.

ढकलत होता की धरून चालत होता,
मी वळून बघितलं नाही.
पॅडल मारत राहिलो, हळू,
त्याच्या पायाला झेपेल एवढंच.