प्रश्न क्रमांक चौदा

विद्यापीठाचा अर्ज आलाय, चार पानी.
प्रश्न क्रमांक चौदा:
संकटकाळात आपले ऑनलाइन अध्यापन
कशामुळे यशस्वी झाले?
प्रत्येक पर्यायापुढे एक ते पाच यांपैकी आकडा लिहा.

मी संख्याशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं.
एक ते पाचचा स्वभाव मला ठाऊक आहे.
कंटाळलेला माणूस तीन लिहितो.

पहिल्या दिवशी कोपरखैरण्याच्या स्वयंपाकघरात
तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून
माध्य, मध्यक, बहुलक
सगळं मन लावून समजावलं.
चौसष्ट काळे चौकोन, चौकोनात आद्याक्षरं.
बत्तीस मिनिटांनी शमीम सुर्वेनं लिहिलं,
मॅडम, आवाज येत नाहीये,
पण तुम्ही हात छान हलवताय.

प्रशिक्षण झालं होतं. दोन तासांचं.
एक गृहस्थ सारखे म्हणत होते, पुढची स्लाइड.
मला खरं शिकवलं भास्कर केणीनं,
आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायानं,
घणसोली गावातून, फोनवर, रात्री साडेनऊला,
मागे त्याच्या घरची भांडी वाजत असताना.
"घाबरायचं नाय मॅडम, बिघडून बिघडून काय बिघडंल?
डावीकडं खाली बघा. नाय, तुमचं डावं."

मग फळा. फळा आणायचा कुठून?
ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर
निळ्या मार्करनं घंटेसारखा वक्र काढला.
कुकरची वाफ लागली की उजवी बाजू ओघळायची.
मुलं लिहायची, मॅडम, आज विषमता फार आहे.
तो धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होते.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून
विश्वजित ढेबेचा मेसेज: डेटा संपला.
पुस्तकात आम्ही त्याला विदा म्हणतो,
आणि ती कधी पुरेशी नसते, असं वर्गात हसून सांगतो.
त्याला रोजचा दीड जीबी, वाटेकरी तिघं भावंडं.
त्या रात्री मी सगळी चित्रं टाकून दिली.
पंखा बंद केला, घरघर नको म्हणून,
आणि सात मिनिटं नुसती बोलले.
ते तो पहाटे तीनला ऐकायचा, गोण्यांवर पडून,
पुढची गाडी लागेपर्यंत.
चारला उत्तर: दुसरं उदाहरण चुकलंय, मॅडम.
चुकलं होतं.

मे महिन्यात आर्या मढवीचे वडील गेले.
दुसऱ्या दिवशी मला शिकवता येईना.
हजेरी घेतली. फक्त हजेरी, सावकाश,
प्रत्येकाला माईक सुरू करायला सांगून.
हजर, मागे शिलाई मशीन.
हजर, मागे कुणीतरी खोकतंय.
हजर मॅडम, मागे मिक्सर, मग ओरडा, मग मिक्सर बंद.
हजर, मागे काहीच नाही,
इतकं काही नाही की मी पुन्हा नाव घेतलं.
आर्याचं नाव गाळून पुढे गेले
तर तिचाच आवाज आला,
मॅडम, एकवीस राहिला.

निकाल चांगला लागला. अर्जाला जोडलाय.
तिघांचा पत्ता लागला नाही, नंबर बंद.
त्यातला एक ऐरोलीच्या पेट्रोल पंपावर भेटला, दोन वर्षांनी.
झिरो बघा, मॅडम, म्हणाला,
मग वर बघितलं,
आणि पाइप हातात धरून तसाच उभा राहिला.

प्रश्न चौदाला पर्याय आहेत:
इंटरनेट, उपकरणे, प्रशिक्षण, पूर्वानुभव, संस्थेचे सहकार्य.
शेवटी 'इतर', पुढे बोटभर रेघ.
मी केणी लिहिलं.
मग पहाटे तीन असं लिहिलं.
एकवीस लिहायला जागा उरली नाही.

घरात रंगकाम काढलंय.
टाइल्स घासता घासता रंगारी म्हणाला,
हे निळं जात नाही, ताई. डोंगर काढलाय का पोरांनी?
म्हटलं, हो.
अर्धाच राहिलाय.