लेलंडचा मैल

या काउंटीत चढ एकच, पुलाचा.
बाकी सगळं ताटासारखं सपाट,
म्हणून पहाटे आम्ही पूलच चढतो, उतरतो, परत चढतो.
खाली नाव नदीचं, पाणी खारं,
आणि खांबांवरचे पेलिकन
आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पुढे बांधाची वाट. शिंपल्यांचा चुरा,
दोन्हीकडे खारफुटी, मध्येच ऊन खात पडलेली मगर;
वळसा आपणच घालायचा.

तिथल्या खुंटांवरचे पिवळे आकडे लेलंड फाउट्सचे.
तीस वर्षं टपाल वाटलं त्याने,
मग निवृत्तीत सायकलच्या चाकाचे फेरे मोजत
अख्खी वाट मापली, एकट्याने.

तो गेल्यावर डेस्मंडचं नवं घड्याळ म्हणालं,
लेलंडचा मैल नव्वद पावलं तोकडा.
रंगाचा डबाही घेऊन आला डेस्मंड.
ओडेसा म्हणाली, चाकात हवा कमी असेल. राहू दे.
डबा अजून तिच्या डिकीत खडखडतो.

आम्ही एकमेकांना वेळा सांगतो
त्या लेलंडच्याच मैलाच्या.
फक्त बाहेरगावच्या शर्यतीत
दर मैलाला
नव्वद पावलं अंगावर येतात.