जिथं धस्स झालं

रबाळ्याच्या एमआयडीसीत, अगदी टोकाला
पत्रे दाबणारा एक कारखाना.
रविवारी तिथे पट्टे मारायला गेलो,
पिवळ्याचा डबा, काळ्याचा डबा, टेप,
आणि ट्रकांच्या पाठीवर कमावलेला हात.
(ट्रकवर आता कुणी हाताने लिहीत नाही.
स्टिकर आले. मी जमिनीवर आलो.)

ओव्हाळ मॅडम म्हणाल्या, नकाशा ठेवा बाजूला,
तो ऑफिसात बसून काढलाय.
आधी हे बघा.

खाली बघितलं तर अख्खी फरशी
खडूच्या फुल्यांनी भरलेली.
आठवडाभर त्यांनी गेटवर एकेकाच्या हातात
शाळेतला खडू ठेवला होता:
जिथं काळजात धस्स झालं, तिथं फुली मारा.
नाव लिहू नका. कारण सांगू नका.

पहिले दोन दिवस नुसती मस्करी.
कुणी डाळीच्या पातेल्यावर मारली,
कुणी टाइम ऑफिसच्या दारावर.
तिसऱ्या रात्रपाळीला
प्रेस नंबर चारसमोर एकावर एक नऊ.
फोर्कलिफ्ट मागे घेतात त्या वळणावर सहा.
जिन्याखालच्या तुळईवर एक, कुणा उंच माणसाच्या
कपाळाच्या नेमक्या उंचीला.
आणि एक अशा मोकळ्या जागी, जिथे काहीच नव्हतं,
ना यंत्र, ना वायर, ना सांडलेलं तेल.
बराच वेळ बघत उभा राहिलो.
मग मान वर केली.
क्रेनचा हूक.

मोरेश्वर मढवीने खडू घेतलाच नव्हता.
घणसोलीचा माणूस, चार नंबरवर बावीस वर्षं.
माझ्या टेपचं टोक त्याने धरलं
डाव्या हाताच्या तीन बोटांनी.
"ओढ सरळ," म्हणाला,
"माझी खूण मी कवाच देऊन बसलोय."

पिवळं, काळं, पिवळं, काळं,
गांधीलमाशीच्या अंगावरचं अक्षर.
लहानपणी एकदा चावली
की न शिकलेल्यालाही जन्मभर वाचता येतं.

गुरुवारी बिलासाठी गेलो तेव्हा
मोठे साहेब पाहुण्यांना मशीन दाखवत होते.
बोलता बोलता एक पाय उचलला, पट्ट्याच्या पलीकडे जायला.
सगळ्या शॉपने बघितलं. सगळी शॉप गप्प.
कॅन्टीनचा यासीन तेवढा
चहाचा ट्रे सांभाळत म्हणाला,
"साहेब, पिवळं."

पाय हवेत थांबला.
इतका वेळ, की मी मनात
माझं बिल बुडालं असं धरून चाललो.
मग पाय मागे आला.
ट्रे पुढे गेला.
साहेबांनी कप उचलला आणि कुणाकडेच बघितलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं, टचअपला.
लॉकरकडे जाताना झिजलंय, पाण्याच्या नळाशी झिजलंय,
वळणावर तर निम्मा पट्टा टायरांनी खाल्ला,
तिथे अजून काहीतरी चुकतंय, मॅडमनी लिहून घेतलं.
चार नंबरसमोर मात्र
रंग परवा मारल्यासारखा, वर धुळीची साय.
माझ्या धंद्यात न झिजलेला पट्टा म्हणजे तोटा.
मढवी हसला. "ये मग चहा प्यायला नुसता."

संध्याकाळी उरलेला डबा स्कूटरला अडकवून निघालो.
ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला
एका गटारावर झाकण नव्हतं.
पुढे गेलो थोडा.
ब्रश अजून ओला होता.