रंगीत तालीम

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी
धामदांड्यात त्सुनामी येणार होती.
पंचायतीच्या फळ्यावर तसं लिहिलं होतं,
खडूनं, माझ्याच अक्षरात.
खाली पाणीपट्टीची शेवटची तारीख.

रंगीत तालीम, असं तहसीलदार म्हणाले.
रंग म्हणावा तर माझं जाकीट नारिंगी,
आणि घराघराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला
ओढलेला निळा पट्टा:
पाणी इथवर येईल, असं धरून चाला.
मेथरांकडे तो पट्टा नेमका देवांवरून गेला.
त्यांनी देव वर सरकवले.
जुने खिळे तेवढे पट्ट्याखाली राहिले.

भोंगा झाला.
पाखाडीच्या तीनशे बारा पायऱ्या, मग सडा.
एकोणीस मिनिटं मिळतील, असं कागदावर होतं.
पोरं शाळा सुटल्यासारखी सुटली.
बायका दारांना कुलपं घालून निघाल्या.
दर्याला कुलूप!
मी काही बोललो नाही,
माझ्याही खिशात किल्ली होती.

द्वारकाकाकी ओट्यावर सुके बांगडे उलटत बसलेली.
काकी, चला.
"खयचो दर्या? ओहोटी असा."
खोटोच, पण चला.
"खोट्या दर्याक कोण भिता? खरो इलो काय सांग."
खरो इलो काय सांगूक कोण उरतलो?

तेव्हा उठली. काठी शोधायला दोन मिनिटं,
चपलेचा अंगठा तुटला त्याची एक.
अर्ध्या पाखाडीत दम लागला तशी बोलायला लागली:
सासू सांगायची, एकदा दर्या मागे गेला,
खडकापलीकडे, कुणी बघितली नव्हती ती वाळू दिसली,
मासे उघड्यावर उड्या मारत होते,
माणसं टोपल्या घेऊन धावली.
भरल्या टोपल्या?
"भरल्यो तर. मगे गावल्यो, माडार."

दोनशे चौदाव्या पायरीला चिरा आहे.
जपानातल्या कुठल्याशा गावचं चित्र
कुबलबाईंनी वर्गात चिकटवलं होतं,
शेवाळलेला दगड आणि त्यावर:
याच्या खाली घर बांधू नका.
पोरांनी विचारलं, आपला कुठाय?
ते वादळाचं साल. होड्या सुरूच्या बनात,
तांडेलांचं इंजिन विहिरीत,
आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात सगळ्या वाडीपुढे
एकच शब्द, अंशतः.

खाणीतल्या बसप्पानं चिरा फुकट दिला, बसवून दिला,
वर सांगितलं, जांभा आहे, अक्षर धरत नाही.
दोन पावसाळ्यांत "खाली"चा "ली" गेला.
काळा दगड आणायचा ठराव दोनदा आला.
बाई दोन्ही वेळा उभ्या राहिल्या:
मग दरसाल छिन्नी कोण धरणार?
आता मे महिन्यात चौथीची पोरं कोरतात,
एकेका अक्षराला एकेक पोर.
वेलांटीवरून भांडणं होतात.

आणि घरं? ऐंशीच्या ऐंशी चिऱ्याच्या खाली.
सड्यावर होडी कुठे बांधायची?

काकी चिऱ्यावरच बसली,
पदरानं मान पुसली, खाली पाहिलं.
दर्या निळा, शहाणा, टोपीएवढी लाट नाही.
वर पोचलो तेव्हा सगळे वडे खात होते.
माझ्या घड्याळात सव्वीस मिनिटं.
साहेब म्हणाले, एकोणीसच लिहा, वयस्कर धरू नका.
मी सव्वीस लिहिले.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचलं नाही,
चप्पल, असं लिहिलं.

बुधवारी पहाटे पाखाडीवर खोकला ऐकू आला.
काळोखात काठीचा ठोका, थांबा, ठोका.
मी नळाची चावी सोडायला निघालेलो,
तिथूनच बघत राहिलो.
सड्यावरून हाक आली,
"रे शिट्टीवाल्या, किती झाली?"
मी मोजली नव्हती.
तेवीस, म्हणालो.
"फट्टाक खोटा बोलतंस," काकी म्हणाली,
"उद्या घड्याळ घेवन ये."
खाली तिच्या ओट्यावर बांगडे उघडेच होते.
मांजर पायरीवर बसून वाट बघत होतं.