फरकाचा रकाना

मगदूम बाईंच्या कामाचं उद्घाटन कधी झालं नाही.
कापायला फीत नव्हती,
आणि कोनशिलेवर कोरणार तरी काय?
इथे अमुक इतकी वीज
जळली नाही?

मी त्यांचा कनिष्ठ अभियंता,
क्लॅम्प मीटर आणि छत्री सांभाळणारा.
टेबलाच्या काचेखाली जिल्ह्याचा नकाशा,
त्यावर भोगावतीपासून दूधगंगेपर्यंत
शाईचे ठिपके, एकेक ठिपका एकेक पंप.
मला वाटलं, आता नदीकाठ धरायचा.
बाई गेल्या उद्यमनगरात,
सत्तार मुल्लाणींच्या रिवाइंडिंगच्या दुकानात.

वॉर्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
भिंतीला टेकून बसलेल्या जळक्या मोटारी
दवाखान्यातल्या रांगेसारख्या.
मुल्लाणी मान वर न करता म्हणाले,
"बाईसाहेब, तुमची नवी मोटार जळणार नाही म्हणता.
मग आमची चूल कशी पेटायची?"

या प्रश्नाची स्लाइड आमच्याकडे नव्हती.
बाईंनी चहा बशीत ओतला,
निवेपर्यंत गप्प बसल्या.
मग एका मोटारीवर हात ठेवून,
"ही कितव्यांदा?"
"सहाव्यांदा."
"दर खेपेला किती जास्त खाते?"
मुल्लाणींनी मोजलं नव्हतं.
कुणीच मोजलं नव्हतं.
बाईंनी माझ्या हातातला मीटर काढून
त्यांच्या हातात दिला, पावती न करता.

तीन आठवड्यांनी ते ऑफिसात आले,
पॉलिश पेपरच्या पाठीवर आकडे लिहून.
"यातल्या चार माझ्याच हातच्या," म्हणाले,
आणि पाणी मागितलं.

कोग्याच्या पाणीपुरवठा संस्थेची सभा.
चेअरमन आनंदराव चौगुले मांडी ठोकून,
"पाणी येतंय न्हवं? मग झालं की!"
बाई मागच्या सतरंजीवर, बायकांच्यात.
बोलायला उठले मुल्लाणी.
बोलले नाहीतच फारसं. नदीवर नेलं सगळ्यांना,
दोन मोटारी, दोन मीटर, एकच पाणी,
एक चकती चरकासारखी भिरभिरणारी
आणि दुसरी सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखी.
निकाली कुस्तीनंतर मैदान गप्प होतं
तसा काठ गप्प झाला.

सगळं असंच जमत गेलं, असं नाही.
पहिल्या खेपेतल्या अकरा मोटारी
कमी दाबाने गेल्या, भर उन्हाळ्यात.
ठेकेदाराचं नाव घ्यायची सोय होती,
मी तर टिपणही तयार ठेवलं होतं.
बाई त्याच सभेत, या वेळी पुढे उभ्या राहून म्हणाल्या,
"दाब मोजायचा माझ्याकडून राहिला."
एवढंच. मग दीड तास शिव्या खाल्ल्या.
परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं,
कपॅसिटर उद्या मिळतील का?

मुंबईच्या आढावा बैठकीत
वरचे साहेब म्हणाले, "ठीक आहे,
पण तुम्ही उभं काय केलंत?"
शेजारच्या जिल्ह्याने उपकेंद्र उभं केलं होतं,
त्याचा फोटो पडद्यावर अजून झळकत होता.
बाईंनी आकडा दाखवला.
साहेबांनी आकड्याकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.

पावसाळ्याआधी बदलीचा आदेश आला.
सुनेत्रा मगदूम, लातूर.
नकाशा त्यांनी काचेखालीच ठेवला.
नव्या साहेबांनी त्यावर कॅलेंडर सरकवलं,
तेही चांगले आहेत, त्यांना दुसरी कामं आहेत.

परवा कोग्याला गेलो, वेगळ्याच तक्रारीसाठी.
पंपघराच्या भिंतीवर खडूने आखलेले रकाने,
तारीख, युनिट, पाणी, फरक.
कालपर्यंतचे भरलेले.
ऑपरेटर पिरगोंडाला म्हटलं,
"आता हे बघायला कोण येतं?"
"कोण न्हाई, सायेब."
"मग?"
"फरक पडतोय न्हवं," तो म्हणाला,
"म्हणून लिवतोय."

त्याच्या चिमटीत खडूचा नखाएवढा तुकडा उरला होता.
येताना शाळेजवळच्या दुकानातून
एक पेटी घेऊन दिली.
ती कुठल्या खर्चात दाखवायची
ते अजून ठरलेलं नाही.